उद्याच्या निवेदनात ‘फाशी’ लिहायची का?

(कुटुंबाचा ग्रुप, रविवारी रात्री)

प्रफुल: उद्या 10 वाजता ग्रामपंचायतीपाशी जमायचं, तिथून तहसीलले जायचं. पहिलीच मागणी आहे, आपल्या गावच्या पोरीवर अत्याचार करणाऱ्या आरोपीले भर चौकात फाशी द्या. ज्याईले मंजूर असन त्याईनं खाली नाव टाका.

रोशनी वहिनी: माझं लिहा भाऊजी. ती पोरगी नववीत होती, माझीबी नववीत आहे. दोन दिवस झाले, तिले एसटीत एकटी बसू देत नाही मी.

मोठे काका: माझंही घे. हिंगणघाटचं विसरले का सारे? 3 फेब्रुवारी 2020 ले भर रस्त्यात त्या प्राध्यापिकेले पेटवलं, 10 तारखेले ती गेली. निकाल लागला 2022 च्या फेब्रुवारीत. अन् शिक्षा काय, तं जन्मठेप!

वैभव: खैरलांजीत चार जीव गेले. भंडाऱ्याच्या कोर्टानं 2008 मध्ये सहा जणांले फाशी देल्ली, 2010 मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ते 25 वर्षांवर आणली. कायले भरवसा ठेवाचा? 2004 मध्ये नागपूरच्या बायांनी त्या गुंड अक्कू यादवले कोर्टातच संपवला, त्याईचंच बरोबर होतं.

सुनंदा आत्या: प्रफुल, माझं नाव आत्ताच लिहू नको.

रोशनी वहिनी: आत्याबाई, तुम्ही म्हणता हे? तुमच्या सख्ख्या भावाचा खून झाला ना?

सुनंदा आत्या: झाला, म्हणूनच म्हणते. तू तेव्हा या घरात आली नव्हतीस रोशनी, आणि ही पोरं लहान होती. मोठ्या दादाला सगळं माहीत आहे, पण त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. आज मी बोलते.

1998 चा डिसेंबर होता. माझा भाऊ बापू रात्री ओलिताला गेला आणि सकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मेलेला सापडला. दुपट्टा बोरीच्या काट्यांना अडकलेला, शिदोरीची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. आठ दिवस आधी आपल्या सालदाराचं सालाच्या पैशावरून त्याच्याशी वाजलं होतं. गावाला तेवढं पुरलं. दुपारी सालदाराला आपल्या गुरांच्या कोठ्यापुढच्या लिंबाला बांधला. मी सव्वीस वर्षांची होते, शाळेत शिकवत होते. मीच ओरडले, ‘याले इथंच लटकवा.’ आणि कोठ्यातली बैल हाकायची तुतारी उचलून त्याच्या उजव्या हातावर मारत सुटले. तो एकच सांगत होता, ‘बाई, मी रातभर जिनावर होतो.’ पोलीस आले म्हणून तो वाचला.

चौथ्या दिवशी जिनाच्या, म्हणजे कापसाच्या जिनिंगच्या, गेटवरची वही आली. रात्रभर तो कापसाच्या गाड्या खाली करत होता, हजेरीवर त्याचा अंगठा होता. खून केला होता धुऱ्याच्या शेजाऱ्यानं. आणि त्या शेजाऱ्यानं बापूच्या तिरडीला खांदा दिला होता!

पुढे पोळ्याच्या आधी सालदार राहिलेले पैसे न्यायला आला. ओट्यावर बसून त्यानं नोटा डाव्या हातानं मोजल्या. उजव्याची दोन बोटं मिटतच नव्हती. मी पाणी दिलं, त्यानं घेतलं. माफी मागायला माझं तोंड उघडलं नाही.

मोठे काका: हे ग्रुपवर काहून लिहिते सुनंदा.

सुनंदा आत्या: उद्या आपण सगळे सही करणार आहोत म्हणून, दादा.

वैभव: आत्या, पण ते गावाचं चुकलं. कोर्ट पुरावा पाहते ना.

अश्विनी (नागपूर): पाहतं, तरी चुकतं. नाशिक जिल्ह्यातला 2003 चा खटला वाच. भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशी दिली. त्याच कोर्टानं 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. घरातल्या साक्षीदार बाईनं पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळेच चार जण ओळखले होते, आणि तेच दाबून ठेवलं होतं. सोळा वर्षं गेली त्यांची. भरपाई प्रत्येकी 5 लाख. फाशी झाली असती तर हे पैसे कोणाला दिले असते?

अश्विनी (नागपूर): आणि आमच्या नागपूरच्या जेलातून 2023 मध्ये एक जण सुटला. पुण्याच्या 1994 च्या खून खटल्यात त्याला फाशी झाली होती. 28 वर्षांनी सिद्ध झालं की गुन्ह्याच्या वेळी तो 12 वर्षं 6 महिन्यांचा होता.

प्रफुल: पण इथं तं त्याले रंगेहाथ पकडलं.

अश्विनी (नागपूर): असेल. त्याचा निकाल कडक लागावा असं मलाही वाटतं. पण 1980 पासून नियम आहे की फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच. ते ठरवायला आरोपीची सगळी हकीकत ऐकावी लागते, मग हायकोर्टाची मंजुरी, मग दयेचा अर्ज. दिल्लीचा 2012 चा गुन्हा, फाशी मार्च 2020 मध्ये. तितकी वर्षं आपल्या गावच्या पोरीच्या आईनं कोर्टाच्या चकरा मारायच्या का? अजून एक. अशा बऱ्याच केसेसमध्ये आरोपी घरातला, ओळखीचा निघतो. काकाला फाशी होईल म्हटल्यावर कोणती पोरगी तोंड उघडेल? आणि घरचे उघडू देतील?

रोशनी वहिनी: ते खरं आहे. पण मग आमच्या जिवाची आग कुठं जाईल?

सुनंदा आत्या: ती जात नाही गं. बापूचा मारेकरी शिक्षा भोगून सुटला. स्टँडवर दिसतो. आजही तो दिसला की माझ्या तळहाताला घाम येतो आणि वाटतं, हा मेला पाहिजे. असं वाटणं पाप आहे असं मी तुला कधीच म्हणणार नाही. बाबासाहेबांनी 1949 मध्ये घटना समितीत सांगितलं होतं की फाशीच रद्द करणं त्यांना जास्त पटतं. मी ते वर्गात शिकवलं, तरी मन ऐकत नव्हतं. पण त्या दिवशी लिंबाखाली मला जितकी खात्री होती, तितकी आयुष्यात पुन्हा कशाचीच झाली नाही. ती खात्री मी पाहिलेली आहे. तिच्या जोरावर कोणाचा जीव मागायला माझा हात आता उठत नाही.

मोठे काका: तुझं तुझ्यापाशी. मी फाशीवरच सही करीन.

सुनंदा आत्या: कर दादा. मी तुला अडवत नाही.

रोशनी वहिनी: भाऊजी, दोन कागद करा. एकात फाशी, त्याच्यावर ज्याले सही द्यायची त्यानं द्यावी. दुसऱ्यात लिहा की खटला जलद कोर्टात चालवा, पोरीच्या घरच्याईले अन् साक्षीदाराईले पोलीस संरक्षण द्या, शाळेच्या टायमाची बंद झालेली एसटी सुरू करा. त्याच्यावर माझं नाव पहिलं लिहा.

प्रफुल: लिहितो. आत्या, तुमचं?

सुनंदा आत्या: दुसऱ्यावर. आणि उद्या शाईचं पॅड घेऊन ये, त्या पोरीच्या आजीचा अंगठा घ्यायचा आहे. आधी मी तिला दोन्ही कागद वाचून दाखवते.