पहिलीच टेली १५०-६०० घ्यायची? माझं मत, नको

तळजाईचा वाटसरू
भाच्याने विचारलं, मामा साठ हजार जमलेत, वाइल्डलाइफसाठी कोणती लेन्स घेऊ. त्याच्याकडे निकॉन डी५६०० कॅमेरा आहे आणि त्यावर ७०-३०० एएफ-पी लेन्स (हे आकडे झूमचे मिलिमीटर, आकडा मोठा तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो). ग्रुपमधल्या सगळ्यांनी त्याला एकच सांगितलंय, सेकंडहँड सिग्मा नाहीतर टॅमरॉन १५०-६०० उचल, ती नाही मिळाली तर निकॉनची २००-५००. मी नको म्हणालो आणि तेव्हापासून ताईच्या घरी मी चिक्कू मामा झालोय.

माझ्याकडे २००-५०० होती. २.३ किलो. पहिले दोन महिने दर रविवारी पुण्याजवळच्या कवडीपाटला पक्षी बघायला, नंतर खांदा धरला मग पंधरा दिवसांतून एकदा, मग "आज ऊन फार आहे", आणि शेवटी कपाटात. पावसाळा संपल्यावर काढली तर आतल्या काचेवर बुरशीचं जाळं. चूक माझीच, सिलिका जेलची पुडी कधीच मेलेली होती. पण ७०-३०० चं वजन ४१५ ग्रॅम आहे, ती ऑफिसच्या सॅकमध्ये पडून असायची आणि वेताळ टेकडीवर सहज निघायची, माझे बरे फोटो सगळे तिचेच आहेत.

आता जरा हिशोब. छोटा खंड्या साधारण १७ सेंटिमीटरचा. २० मीटरवरून ६०० एमएमने काढला तर सेन्सरवर ५ मिलिमीटर पडतो. ३०० ने तेवढाच पाहिजे असेल तर १० मीटरवर जायचं. म्हणजे साठ हजाराचा सगळा वाद त्या दहा मीटरचा आहे, आणि ते दहा मीटर मांडी घालून अर्धा तास गप्प बसलं तर फुकट मिळतात. शिवाय या मोठ्या झूम ६०० ला एफ ६.३ होतात (एफचा आकडा मोठा म्हणजे आत येणारा उजेड कमी), सिंहगड व्हॅलीच्या सावलीत फोटो काय काढणार.

पाणकावळा
सपशेल असहमत. दहा मीटर फुकट नसतात हो, ते पक्ष्याच्या खिशातून जातात! दर शनिवार-रविवारी बघतो मी, ३०० वाले "अजून थोडं, अजून थोडं" करत सरकत राहतात आणि शेवटी पक्षी उडतो, मग मागे शांत उभे असलेले आम्ही पण गेलो आणि तो पक्षी पण उपाशी. विणीच्या काळात तर हे सरळ सरळ वाईट आहे. लांब लेन्स म्हणजे त्या जिवाला दिलेली मोकळीक आहे असं मी तरी समजतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा तुमच्यासाठी मांडी घालून बसणार आहे का? तिथे ३०० ने फक्त माळाचा फोटो येतो, मध्ये एक तपकिरी ठिपका.

आणि खांदा दुखला तर गळ्यातला पट्टा काढून मोनोपॉड (एकपायी स्टँड) घ्यायचा, लेन्सला शिव्या कशाला.

शटरबंद
वाटसरू, उजेडाचा मुद्दा मागे घ्या बघू. तुमची लाडकी ७०-३०० एएफ-पी पण ३०० ला एफ ६.३ च आहे. आणि २००-५०० तर शेवटपर्यंत ५.६ देते, म्हणजे व्हॅलीत उलट तीच थोडी बरी. फक्त ५०० ला हात हलतो म्हणून शटरचा वेग जास्त लागतो आणि मग आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या वर जातो, ते मान्य.

पण पाणकावळासाहेब, चिंकाऱ्याचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. सकाळी नऊनंतर माळावर हवा उकळायला लागते. शंभर मीटरवरचा प्राणी ६०० ने काढा, मोठा दिसेल पण पाण्याखाली असल्यासारखा लिबलिबीत. लोक मग लेन्स कॅलिब्रेट करायला देतात, दोष हवेचा.

वामकुक्षी
साठ हजारात लेन्स घेण्यापेक्षा कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाची तिकिटं किती येतील याचा हिशोब कोणी केलाय का

सुगरणीचा खोपा
😄 वामकुक्षी, तुम्ही झोपा.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. ३०० आणि ६०० च्या मध्ये पण जग आहे की. निकॉनची जुनी एएफ-एस ३०० एफ ४ आहे ना, झूम नसलेली, व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नसलेली, ती मी सेकंडहँड घेतली, मला बजेटच्या निम्म्याहून कमीत पडली. वजन १.४४ किलो. मोटर लेन्समध्येच आहे म्हणून डी५६०० वर ऑटोफोकस चालतो (जुन्या एएफ-डी घेऊ नका, या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकस मोटरच नाही, हातानं फिरवत बसाल). १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्समागचा, मिलिमीटर १.४ पट करणारा जोड) लावला की ४२० एमएम एफ ५.६ होते. आणि सगळ्यात मजा म्हणजे दीड मीटरपर्यंत जवळ फोकस करते, पाषाणला पक्षी नाही दिसले तर मी चतुर आणि फुलपाखरं काढत बसते, सकाळ वाया जात नाही. तिचा ट्रायपॉड कॉलर मात्र भिकार आहे, पहिल्या दिवसापासून थरथरतो. आणि व्हीआर नाही म्हणजे १/५०० च्या खाली माझे हात तरी चालत नाहीत.

पाणकावळा
ताई लेन्स सुंदर आहे, वाद नाही, पण वीसेक वर्षं जुनी मोटर आहे ती. कुईकुई आवाज करायला लागली की संपलं आणि पार्ट मिळायची मारामार. नवशिक्या पोराच्या गळ्यात ते का घालायचं?

सुगरणीचा खोपा
आणि कोणीतरी दोन वर्षं गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेली १५०-६०० गळ्यात घालायची ते चालतं?

शटरबंद
सेकंडहँडचं बोलताय तर भाच्याला सांगा, मी एकदा फसलोय. एकाने "फक्त घरात वापरली" म्हणून लेन्स दिली, बाहेरून चकचकीत, कॉफी पण पाजली त्याने. रात्री घरी मोबाइलचा टॉर्च मागून टाकला तर आत धुरकट पडदा. तेव्हापासून माझा नियम, टॉर्च दोन्ही बाजूंनी मारायचा, ॲपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) उघडझाप होतंय का बघायचं, माउंटचे (लेन्स कॅमेऱ्याला बसते ती कडी) स्क्रू खरवडलेले असतील तर कोणीतरी उघडलीये समजायचं, आणि शेवटच्या टोकाला झूम करून लांबच्या पाटीवरची अक्षरं दहा वेळा काढायची. या झूम पूर्ण उघड्या ॲपर्चरला ६०० वर थोड्या मऊ (कमी धारदार) असतातच, एफ ८ ला सुधारल्या तर ठीक, नाही सुधारल्या तर परत द्यायची. चेक करताना स्वतःची बॉडी न्या, विकणाऱ्याच्या बॉडीवर काही कळत नाही.

तळजाईचा वाटसरू
उजेडाचा मुद्दा मागे. शटरबंद, धन्यवाद, इतकं स्पष्ट तोंडावर ताईसुद्धा सांगत नाही.

पाणकावळा यांचं पक्ष्याला त्रास होण्याचं म्हणणं मला लागलं, खरंय ते. पण माझा अनुभव उलटा पण आहे. ज्याच्याकडे ६०० असते तो पण थांबत नाही हो! त्याला मग फ्रेमभर डोळा पाहिजे असतो. भिगवणला उजनीच्या पाण्यात गेल्या हिवाळ्यात रोहितांजवळ सगळ्यात आत घुसलेली नाव सगळ्यात मोठ्या लेन्सवाल्यांची होती. आणि गंमत बघा, चाळीस मीटरवर रोहित ६०० च्या आडव्या फ्रेममध्ये मावतच नाही, एकतर पाय कापा नाहीतर डोकं. ३०० ने अख्खा येतो, पाण्यातल्या प्रतिबिंबाला पण थोडी जागा उरते.

पाणकावळा
रोहित म्हणजे चार-साडेचार फूट उंच पक्षी, त्याचं उदाहरण देऊन तुम्ही जिंकणारच. तुतारी (चिखलात फिरणारा छोटा पाणपक्षी) काढून दाखवा ३०० ने. नाव काठीनं ढकलायला सांगितली तरी ते पक्षी किती जवळ येऊ देतात बघा. नाव जवळ घालणाऱ्यांना मात्र मी पण शिव्या घालतो, त्यात आपण एक.

भाचा बोलतोय
तो भाचा मीच. मामाने लिंक पाठवली 🙏

सगळं वाचलं. एक सांगायचं राहिलं, माझ्याकडे गाडी नाही, स्कूटर आहे, म्हणून २ किलो आणि त्यासोबत ट्रायपॉड हे मामा म्हणतो तसं जमेल का शंका आहे. पण ७०-३०० ने कंटाळलोय हेही खरं, दरवेळी घरी येऊन क्रॉप करून करून पक्ष्याचा मोझॅक होतो. मामा मांडी घालून बस म्हणतो, मी कवडीला दोन तास बसलो, जलपर्णीत एक टिटवी आली आणि मला बघून ओरडत गेली.

सुगरणीचा खोपा
टिटवी सगळ्यांनाच ओरडते रे, मनावर घेऊ नको. विकत घेण्याआधी १५०-६०० दोन दिवस भाड्याने घे, कॅमेरावाले डिपॉझिट आणि आधार कार्डावर देतात. स्कूटरवरून खरंच ने आणि पूर्ण सकाळ वागव. हवी तर माझी ३०० पण लावून बघ.

पाणकावळा
भाडं कशाला, माझी सिग्मा १५०-६०० आहे, कंटेम्पररी मॉडेल, १.९३ किलो. येत्या रविवारी भिगवणला चाललोय, पाचला हडपसरहून गाडी निघेल. एक तास तुझ्या हातात देतो. मामांना पण आण, ते ७०-३०० ने तुतारी काढतील, आपण बघू.

तळजाईचा वाटसरू
येतो. नाव लांब ठेवायची या अटीवर.

वामकुक्षी
गाडीत एक जागा असेल तर मी पण. कॅमेरा नाही, पण एकच्या आत परत या.