शिवाजी पार्क : मुलीसाठी आणि आजोबांसाठी काय काय आहे?

नवीन_दादरकर : गेल्या महिन्यात आम्ही दादरला शिफ्ट झालो, पार्क चालत पाच मिनिटांवर. मुलगी आठ वर्षांची, दिवसभर मोबाईल, आणि बाबा सत्तरीचे, त्यांना गुडघ्यामुळे जास्त चालवत नाही. दोघांना एकत्र संध्याकाळी नेता येईल असं तिथे काय आहे? बाहेरून बघितलं तर सगळीकडे क्रिकेटच दिसतं. आणि धूळ!!

कट्टेकरी : मुलीला डोळे झाकून समर्थ व्यायाम मंदिरात घाला. पार्कातच आहे, मल्लखांबासाठी प्रसिद्ध, तिथल्या उदय देशपांडेंना २०२४ ला पद्मश्री मिळाली. मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवतात, आणि दृष्टिहीन मुलांनाही त्यांनी शिकवलाय, बघाल तर थक्क व्हाल. बाबांना नाना-नानी पार्क आहे पण माझं ऐकाल तर कट्ट्यावरच बसवा, आठ दिवसांत ग्रुप मिळेल, राजकारणावर भांडायला माणसं कायम हजर असतात. पूर्ण फेरी सव्वा किलोमीटरच्या आतच भरते आणि बसायला जागोजागी कट्टाच, त्यामुळे गुडघा कुरकुरला की थांबायचं.

गल्लीतला_स्पिनर : "क्रिकेटच दिसतं" म्हणे 😄 अहो आचरेकर सरांनी सचिनला इथेच घडवला, आता गेट नंबर ५ जवळ सरांचं स्मारक पण झालंय. फक्त मैदानाच्या मधून शॉर्टकट मारू नका, एकाच वेळी चार-पाच नेट्स आणि मॅचेस चालू असतात, सीझन बॉल कुठून येईल सांगता येत नाही. पावसाळ्यात चिखलात कांगा लीगची मॅच बघायला मात्र बाबांना नक्की आणा.

माहीम_पार्क_१९२५ : माझ्या आयडीवरून विचारायच्या आधीच सांगतो, १९२५ ला मैदान लोकांना खुलं झालं तेव्हा नाव माहीम पार्क होतं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहामुळे १९२७ ला शिवाजी पार्क झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथेच गाजल्या. बाबांना वाचनाची आवड असेल तर ६ डिसेंबरच्या सुमारास आणा, चैत्यभूमी जवळच, त्या दिवसांत पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेवढी पुस्तकं एका जागी मुंबईत क्वचितच दिसतील. गर्दी मात्र अफाट, गुडघ्याचा विचार करून एक दिवस आधी या.

नवीन_दादरकर : वा, मल्लखांब तर डोक्यातच नव्हता! पण धुळीचं कोणीच बोललं नाही 🙂

कट्टेकरी : कारण उत्तर नाहीये हो. लाल माती आहे, उन्हाळ्यात वारा सुटला की उडणारच, पाणी मारतात तेव्हा बरं असतं, मग परत तेच. काहीजण म्हणतात सगळीकडे गवत लावा, पण रोज शेकडो पोरं खेळणार तिथे गवत टिकणार कसं? एप्रिल-मे मध्ये बाबांना सकाळी लवकर आणा, संध्याकाळी समुद्राकडून वारा येतो तेव्हा पूर्वेच्या कट्ट्यावर बसवू नका, सगळी माती तिकडेच जाते.

गल्लीतला_स्पिनर : आणि मुलगी मल्लखांबाला कंटाळली तर सावरकर मार्गावर महात्मा गांधी तलाव आहे पोहायला. ॲडमिशनची चौकशी आत्ताच करून ठेवा, सुट्टी लागली की झुंबड उडते.