'हट टॅक्स'ला मराठीत काय म्हणायचं?

एकोणिसाव्या शतकातल्या आफ्रिकेवर लिहितेय आणि हट टॅक्स (इंग्रजांनी तिथल्या लोकांवर दर झोपडीमागे लावलेला कर) या शब्दापाशी अडकलेय. झोपडी कर लिहिलं की डोळ्यासमोर झोपडपट्टी येते नाहीतर शेतातलं खोपटं, पण तिथे ते लोकांचं नांदतं घर होतं, गवताने शाकारलेलं असलं म्हणून काय झालं. सुचवा ना कोणीतरी.

– घरपट्टी म्हणा सरळ. लगेच कळतं.

– घरपट्टी मला नाही पटत दादा. आपण घरपट्टी भरतो ती ग्रामपंचायतीला, त्यात दिवाबत्ती, रस्ता काहीतरी परत येतं. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत इंग्रजांनी १८४९ ला दर झोपडीमागे ७ शिलिंग लावले, १८७५ ला १४ केले. आणि तिथल्या झुलू लोकांच्या घरात प्रत्येक बायकोची झोपडी वेगळी, म्हणजे तीन बायका असल्या की घर एक पण कर तीनदा. मग गुरं विका नाहीतर पोरांना गोऱ्यांच्या मळ्यावर, पुढे किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत पाठवा, आणि मागे शेती बायाबापड्यांनी ओढायची. सगळं एका कराने झालं असं नाही पण रोकड पैशाची गरज घरात शिरली त्यात याचा मोठा हात होता.

– मग उंबरापट्टी? आपण शंभर उंबऱ्यांचं गाव म्हणतोच की.

– शब्द गोड आहे पण उंबरा म्हणजे एक कुटुंब. इथे एकाच कुटुंबाला तीनदा मोजलं, नेमकं तेच झाकलं जाईल.

– मला वाटतं कर म्हणावं की भाडं हाच खरा प्रश्न आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचा आतला मुलुख इंग्रजांनी १८९६ ला 'संरक्षित' जाहीर केला (कोणापासून संरक्षण ते विचारू नका) आणि १८९८ च्या जानेवारीपासून घरामागे ५ शिलिंग मागितले. लोकांचं म्हणणं असं की स्वतःच्या घराचे पैसे दुसऱ्याला दिले तर ते घर आपलं राहिलंच कुठे. त्यावरून तिथला सरदार बाई बुरेह (हा पुरुष बरं का, 'बाई' त्याच्या नावातच आहे) लढला, शेवटी पकडून त्याला गोल्ड कोस्टला (आजच्या घानात) हद्दपार केला. इंग्रज सरकारनेच चौकशीला पाठवलेल्या चाल्मर्सनेसुद्धा कर काढून टाका म्हटलं, तरी लंडनने ठेवलाच. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत कर आणि भाडं दोन्हीला एकच शब्द आहे, कोडी.

– प्रत्येक बायकोची चूल वेगळी होती ना? मग चूलपट्टी म्हण ताई. आपल्याकडेही घर फुटलं की चूल वेगळी झाली म्हणतात.

– चूलपट्टी आवडला! नाताळसाठी तोच घेते, पहिल्यांदा येईल तिथे हट टॅक्सही लिहीन. सिएरा लिओनला मात्र घरपट्टीच ठेवते, तिथलं भांडण घर कोणाचं याचंच होतं.