पेशीच्या आत दडलेला विषाणू टी-पेशीला बाहेरून कसा कळतो?

जिज्ञासू:
एमएचसी-१ (प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर धरून दाखवणारा रेणू) हा भाग वाचताना एका मुद्द्यावर अडलो आहे. टी-पेशीला, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी हेरणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीला, दुसऱ्या पेशीच्या आत डोकावता येत नाही, तरीही संसर्ग झालेली पेशी तिला नेमकी सापडते. म्हणजे आपल्यात विषाणू शिरल्याचे पेशी आधी ओळखते आणि मग त्याचे तुकडे बाहेर मांडते, असे समजायचे का?

सूक्ष्मदर्शी:
नाही, या मांडणीसाठी विषाणू ओळखण्याची गरजच नसते. निरोगी पेशीसुद्धा आपल्या प्रथिनांचे नमुने अहोरात्र पृष्ठभागावर मांडत असते. प्रोटिएसोम हे पेशीतले यंत्र प्रथिनांचे तुकडे करते, टॅप हा वाहक ते अंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात) पोहोचवतो आणि तिथे साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा एखादा तुकडा एमएचसी-१च्या खाचेत घट्ट बसला, की तो रेणू गॉल्जी या पेशीतल्या पाठवणी केंद्रामार्गे पृष्ठभागाकडे निघतो. विषाणू आपली प्रथिने पेशीच्याच रायबोसोमवर घडवून घेतो, त्यामुळे तीही याच वाटेला लागतात. त्यातली सदोष घडलेली प्रथिने तर लगेच मोडीत निघतात, म्हणून नवे विषाणू बाहेर पडण्याआधीच त्यांचे तुकडे पृष्ठभागावर दिसू शकतात. परका तुकडा कोणता, ते टी-पेशी ठरवते.

पेशीवाचक:
एक पुरवणी. टी-पेशी नुसता तुकडा ओळखत नाही. तो स्वतःच्या शरीराच्या एमएचसीवर बसलेला असावा लागतो. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी कॅनबेरा येथे एलसीएमव्ही या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या विषाणूची लागण झालेल्या उंदरांवर प्रयोग करून हे १९७४ मध्ये दाखवले व त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले.

जिज्ञासू:
मग विषाणूने टॅपच बंद पाडला तर?

सूक्ष्मदर्शी:
पाडतोच. ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्सचे आयसीपी-४७ हे प्रथिन टॅपला पेशीद्रव्याच्या बाजूने चिकटून तुकड्यांची वाट अडवते. (उंदराच्या टॅपवर ते फारसे चालत नाही, त्यामुळे उंदरांवरील निष्कर्ष माणसाला लावताना जपून.) हर्पिसच्याच कुळातल्या सायटोमेगॅलोव्हायरसची यूएस-२ आणि यूएस-११ ही प्रथिने तर नुकताच घडलेला एमएचसी-१ रेणूच जालिकेतून बाहेर ओढून प्रोटिएसोमच्या हवाली करतात.

पेशीवाचक:
पण ही चलाखी विषाणूच्या अंगाशी येऊ शकते, कारण पृष्ठभागावर एमएचसी-१ दिसले नाही, की एनके (नैसर्गिक मारक) पेशींचा लगाम सुटतो आणि त्या त्या पेशीला मारू शकतात. सायटोमेगॅलोव्हायरसने त्याचीही तजवीज केलेली आहे. त्याच्या यूएल-४० प्रथिनातला एक छोटा तुकडा टॅपच्या मदतीशिवायच एचएलए-ई या एमएचसी-१ गटातल्याच रेणूवर जाऊन बसतो आणि एनके पेशीला सारे आलबेल असल्याचे भासवतो.