छतावरचं सौर नेमकं कुठे अडतंय?

गच्चीवाला (धागाकर्ता)
‘सौर महाग आहे म्हणून लोक बसवत नाहीत’ हे वाक्य आता जुनं झालं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॉटमधून वर्षाच्या सरासरीने रोज १२ युनिट धरा. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराचं बिल जवळपास स्थिर आकारावर येतं.

खरी अडचण गच्चीची आहे. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. २८ फ्लॅटच्या इमारतीत प्रत्येकाला ३ किलोवॉट द्यायचे तर ८,४०० चौरस फूट हवेत. गच्ची ४,००० ची, त्यातही टाक्या, लिफ्टची खोली आणि वाटा सोडल्या की निम्मीच उरते.

मीटरवाचक
पैशांचा मुद्दा इतक्या सहज सोडता येणार नाही. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर पुढच्या टप्प्याच्या जवळपास निम्मा आहे. ज्यांचं बिल ३०० युनिटांचं, त्यांची महागडी युनिटं वाचतात आणि तीन-चार वर्षांत पैसे वसूल होतात. ८०-९० युनिटवाल्याची वाचतात ती स्वस्तातली. त्यात अनुदान येतं यंत्रणा बसून नेटमीटर (लाइनवरून घेतलेली आणि लाइनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागल्यानंतर, तोवर रक्कम किंवा कर्ज उभं करायचं त्यानेच. गावातली आणि चाळीतली बहुसंख्य घरं याच गटात आहेत. गच्ची स्वतःची असूनही ती मागे राहतात, याचं उत्तर तुमच्या मांडणीत नाही.

तारजोड
दोघांनीही गावातल्या लाइनचा विचार केलेला नाही. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर वीज गेली की बंद पडतो. तो मुद्दाम तसा बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या दिशेने आलेला करंट लागेल. म्हणजे दुपारी भारनियमन असेल तर लख्ख उन्हातही उत्पादन शून्य. बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर वीज गेल्यावरही काम चालतं, पण खर्चाचं गणित बदलतं.

दुसरा त्रास व्होल्टेजचा. रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, बारीक सर्व्हिस वायरवर घर असेल तर दुपारी युनिट बाहेर जाताना घरातलं व्होल्टेज चढतं. ते २५३ व्होल्टच्या वर गेलं की इन्व्हर्टर ट्रिप होतो, थोड्या वेळाने परत जोडला जातो, पुन्हा ट्रिप. ग्राहक म्हणतो पॅनेल खराब. खरं तर जाड केबल टाकायला हवी, तेवढ्यावर भागलं नाही तर रोहित्राचा टॅप (त्यातून बाहेर येणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलून घ्यायला हवा. बसवणाऱ्याने दुपारचं व्होल्टेज आधी मोजलं असतं तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

कोन१८
ट्रिपिंगचं पटलं. पण माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान सावलीने होतं. ३ किलोवॉटची पाच-सहा पॅनेलं एकाच माळेत असतात. एका पॅनेलवर टाकीची सावली पडली की बायपास डायोड (सावलीतला भाग टाळून करंट पुढे नेणारा पॅनेलमधला भाग) त्याचा एक तृतीयांश भाग वगळतो, सावली सरकत जाते तसा एकेक भाग जातो. पुण्यात डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य ४८ अंशांवरच असतो. दीड मीटर उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे १.३५ मीटर जाते, सकाळी नऊला तर बरीच लांब. म्हणून पॅनेल टाकीच्या दक्षिणेला घ्या. जागेची पाहणी मेमध्ये करून फसू नका: मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावली दिवस असतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सगळी गच्ची मोकळीच दिसते.

बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो, तो निघता निघत नाही. मऊ पाणी वापरा आणि धुवा पहाटे, काच तापायच्या आत.

मीटरवाचक
आणि ‘मोठीच बसवा’ हा सल्ला ऐकू नका. लाइनला दिलेली शिल्लक युनिटं पुढच्या बिलांत ३१ मार्चपर्यंतच धरली जातात. त्यानंतर उरलेल्यांना मिळणारा दर आपल्या बिलातल्या दरापेक्षा खूपच कमी असतो. बारा महिन्यांची बिलं मांडून वार्षिक वापराला १,४०० ने भागा, कारण १ किलोवॉट वर्षाला साधारण तेवढी युनिटं देतो. तेवढे किलोवॉट पुरे.

गच्चीवाला
कमी वापराच्या घरांबद्दल मीटरवाचक, तुमचं म्हणणं मान्य. तिथे अनुदान आगाऊ मिळायला हवं. फ्लॅटबाबत मात्र मी ठाम आहे. वर सांगितलेल्या गच्चीवर २० किलोवॉट बसतात. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर सहज चालतात, आणि सामायिक मीटरसाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. सभेत ठराव पडतो तो वरच्या मजल्याच्या गळतीच्या भीतीने, आणि ती भीती खरी आहे. कोब्याला भोक पाडून अँकर मारला की पाणी झिरपणारच. आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या आणि सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करा. गच्ची तो भार पेलते का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. ‘स्लॅबला ड्रिलिंग नाही’ हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.