मदत हवी आहे : ऊसतोड कामगारांच्या तळावर नाताळची गोष्ट कशी सांगावी?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात चर्चची सेविका म्हणून काम करते. नाताळच्या दिवसांत शिरोळ-हातकणंगले भागातल्या ऊसतोड कामगारांच्या तळांवर जाते. तेव्हा कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असतो, माणसं पहाटेच फडात जातात. त्यामुळे भेट होते ती अंधार पडल्यावर, चुलीपाशी.

लूकच्या शुभवर्तमानातली जन्मकथा सांगते. नावनोंदणीसाठी निघालेलं जोडपं, उतरायला जागा नाही, बाळ गव्हाणीत. समोर कोपीच्या, म्हणजे कामगारांच्या झोपडीच्या, दाराशी बैल बांधलेले, पोटाशी तान्हं घेतलेल्या बाया. त्यांना काहीच समजावून सांगावं लागत नाही. एकीनं विचारलं, "ताई, बाळंतिणीची शेकशेगडी कुणी केली?" शास्त्रात ते लिहिलेलं नाही, पण तो प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

आता अडचण अशी. आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक तळावरच्या पोरांसाठी स्वेटर देतात. ते गोष्टीच्याच दिवशी वाटले, तर ऐकणं ही स्वेटरची किंमत होते. ते मला मान्य नाही. माझी श्रद्धा मनापासून सांगायची आहे, कुणाला उपकाराखाली दाबायचं नाही. मग स्वेटर आधी वाटावेत, की दुसऱ्या कुणाच्या हातून द्यावेत? मुकादमाला विचारून जावं, की थेट बायांनाच?

शिवाय ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांना पेटीची साथ करणारं कोणी आहे का? तिथं कॅरोलपेक्षा भजनच जवळचं वाटतं.

तळांवर काम केलेल्यांनी, धर्म कोणताही असो, स्पष्ट लिहा.