शिडाच्या होड्यांच्या क्लबची इमारत दुरुस्त करण्यासाठी लोकवर्गणी कशी उभारावी?

प्रश्न : पूर्वकिनारा

सस्नेह नमस्कार. मुंबई बंदराच्या बाजूला शिडाच्या होड्या चालवायला शिकवणारा एक छोटा क्लब आम्ही सभासद मिळून चालवतो. पगारी माणूस एकच, रात्रीचा रखवालदार. शिकवण्यापासून फाटलेली शिडे शिवण्यापर्यंतची बाकी सगळी कामे सभासद सुट्टीच्या दिवशी करतात. ऑक्टोबर ते मे या हंगामात दर शनिवार-रविवारी आसपासच्या चाळींतली आणि कोळीवाड्यातली मुले लहान ऑप्टिमिस्ट होड्यांवर वारा ओळखायला शिकतात. पावसाळ्यात होड्या, डोलकाठ्या आणि सुकाणू याच इमारतीत ठेवावे लागतात.

ही इमारत आता थकली आहे. वरच्या वर्गाच्या खोलीवरचे पत्रे गंजून त्यांची चाळण झाली आहे आणि तळमजल्यावर समुद्राच्या बाजूच्या तीन खांबांचे काँक्रीट सुटून सळ्या उघड्या पडल्या आहेत. एका कंत्राटदाराने पाहणी करून ३४ लाख रुपयांचा अंदाज दिला आहे. आमच्या ७० सभासदांपैकी बहुतेक नोकरदार आहेत आणि शिल्लक जेमतेम ५ लाख आहे. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, पण देणगीदारांना आयकरात वजावट मिळवून देणारी ८०जीची मान्यता आम्ही कधी घेतली नाही. सभासदांकडून बिनव्याजी ठेवी घ्याव्यात असे काहींचे मत आहे, तर अमेरिकेत स्थायिक झालेले दोन जुने विद्यार्थी पैसे पाठवायला तयार आहेत. सुरुवात कोठून करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : टेकू

मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून पैशांच्या आधी खांबांविषयी लिहितो. सळ्या उघड्या पडलेल्या खांबांना आजच टेकू लावून घ्या आणि त्या भागात मुलांना जाऊ देऊ नका; ही गोष्ट वर्गणी जमेपर्यंत थांबू शकत नाही.

कंत्राटदाराची पाहणी म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजेच इमारतीच्या मजबुतीची तांत्रिक तपासणी, नव्हे. समुद्राच्या हवेतले क्षार काँक्रीटमध्ये झिरपत सळ्यांपर्यंत पोहोचतात, सळ्या गंजतात, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने आतून रेटा देऊन वरचे काँक्रीट फोडतो. त्यामुळे वरून गिलावा केला की खांब नवा दिसतो, पण आत गंज चालूच राहतो आणि काही वर्षांत पुन्हा तोच खर्च उभा राहतो. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काँक्रीटचा कणखरपणा, आतल्या भेगा आणि सळ्यांचा गंज तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी आणि हाफ-सेल या चाचण्या करून घेतल्यास कोणता खांब नुसत्या डागडुजीने टिकेल आणि कोणाला नव्या सळ्या व मायक्रो-काँक्रीटचे वेष्टण लागेल, हे कळेल. इमारत ३० वर्षांहून जुनी असल्यास महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार हे ऑडिट तसेही बंधनकारक आहे. कंत्राटदाराच्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हेही विचारून घ्या. अनेक संस्थांचा हिशेब तिथेच कोलमडलेला मी पाहिला आहे.

जागा भाडेपट्ट्याची असेल तर जमीनमालकाची लेखी संमती आधी हातात ठेवा. किनारा नियमन क्षेत्रात आहे त्या जोत्यावर दुरुस्ती करणे आणि त्याच निमित्ताने पुढे गच्ची काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा मोह कृपया टाळावा.

प्रतिसाद : पावतीपुस्तक

काही विश्वस्त संस्थांचे हिशेब मी पाहतो. तुमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, ही मोठी जमेची बाजू आहे, कारण नोंदणी नसलेल्या मंडळांना वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली वेगळी परवानगी घ्यावी लागते. मात्र पैसा संस्थेच्याच बँक खात्यात यायला हवा. उत्साहाच्या भरात एखादा सभासद स्वतःचा क्यूआर कोड गटांवर फिरवतो आणि पुढे पैसा स्वच्छ असूनही संशय मागे राहतो. इमारत निधीसाठी स्वतंत्र खाते उघडून प्रत्येक रकमेची क्रमांक असलेली पावती द्या.

बिनव्याजी ठेवी हे कर्जच आहे. त्याच कायद्याच्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना कर्ज घेता येत नाही, म्हणून ठेवींचा विचार सोडून सरळ देणगी मागा. अमेरिकेतील विद्यार्थ्यांना त्यांचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते विचारा. भारतीय नागरिकाने परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे त्याचे पैसे एफसीआरए (विदेशी देणग्यांविषयीचा कायदा) नोंदणीशिवाय स्वीकारता येणार नाहीत, मग तो लहानपणी तुमच्याच होडीत शिकलेला का असेना.

८०जीसाठी अर्ज जरूर करा, परंतु त्या मान्यतेसाठी मोहीम अडवून ठेवू नका. नवी करप्रणाली स्वीकारलेल्यांना ही वजावट मिळतच नाही आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर कोणालाच मिळत नाही. केवळ सभासदांच्या सोयीसाठी चालणाऱ्या क्लबला धर्मादाय मानले जात नाही, त्यामुळे बाहेरच्या मुलांच्या प्रशिक्षणाची हजेरी, छायाचित्रे आणि खर्च नीट जपून ठेवा. शिडाच्या होड्यांची शर्यत हा ऑलिम्पिक खेळ आहे आणि ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) खर्चात बसते. पण नोंदण्या पूर्ण झाल्यावर कंपन्यांकडे लाइफ जॅकेट आणि सरावाच्या होड्या मागणे सोपे जाईल, खांबांसाठी पैसे मिळवणे अवघड.

प्रतिसाद : चाळकरी

आमच्या वाचनालयाचे छत आम्ही लोकवर्गणीतून बदलले, तेव्हा पहिली चूक अशी झाली की आवाहनात एकदम संपूर्ण रक्कम लिहिली. लोकांनी ती वाचली, हळहळले आणि आपल्या ५०० रुपयांनी काय होणार असे म्हणून गप्प राहिले. दुसऱ्या वेळी आम्ही फक्त पुढच्या खोलीच्या पत्र्यांचा खर्च मागितला, एका पत्र्याची किंमत लिहिली आणि कोणत्या कुटुंबाने किती पत्रे दिले याचा फलक दारात लावला. ती खोली पावसाआधी कोरडी झालेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली आणि नंतर मागायला जावे लागले नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला, तो एकेका पैशाच्या भरवशावर. लहान रक्कम मागण्यात कमीपणा नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी दाखवून दिलेले आहे.

तुमच्या ७० सभासदांनी आधी स्वतःचा आकडा जाहीर करावा, असे मला मनापासून वाटते. दारात येणारा प्रत्येक जण प्रथम हेच विचारतो की तुम्ही स्वतः किती दिलेत.

प्रतिसाद : कोळीवाडा

माझी मुलगी तुमच्याकडे दोन हंगाम शिकली. आमच्या वस्तीत इमारतीविषयी आजवर कोणी बोलले नाही, म्हणून हे लिहीत आहे. रोख रक्कम सगळ्यांना जमणार नाही, परंतु जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा होड्या हलवायला, त्यांच्यावर ताडपत्री बांधायला आणि सामान उचलायला वीसेक माणसे सहज येतील. एखाद्या रविवारी जमातीच्या बैठकीत येऊन विषय मांडा. पावसात खोली बंद असते तेव्हा मुले घरी बसतात आणि दोऱ्यांच्या गाठी विसरतात, हे तेथे सांगितले तरी पुरे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : पूर्वकिनारा

सर्वांचे आभार. तिन्ही खांबांना काल टेकू लावले आणि तो भाग दोरीने बंद केला. ऑडिटसाठी इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येत आहेत. त्यांचे शुल्क शिल्लक रकमेतून जाईल. ठेवींचा प्रस्ताव मागे घेतला आहे. अमेरिकेतील दोघांपैकी एकाचा पासपोर्ट भारतीयच आहे, दुसऱ्याला नम्रपणे नकार कळवला. पहिले आवाहन फक्त वर्गाच्या पत्र्यांसाठी काढू आणि त्याआधी सभासदांची रक्कम फलकावर लिहू. कोळीवाड्यातल्या ताईंना विनंती, की बैठक कोणत्या रविवारी आहे ते कळवावे. आम्ही मुलांनाही सोबत घेऊन येऊ.